उघडता-बुडता खडक

मेविस हॉलेटने आपल्या गावाचं नाव टाईप केलं आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उत्तर आलं: एकही जागा सापडली नाही.

खोली हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं. सोमवारी मंत्री येणार, फीत कापायच्या ऐवजी माऊसचं बटण दाबणार, आणि कॅनडाची सगळी जमीन, सगळं पाणी, रस्ते, जंगलं, खाणी, पुराच्या रेषा, जे जे कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्याने आपापल्या कपाटात कोंडून ठेवलं होतं ते एका दारातून, एका नकाशा-पोर्टलवरून, लोकांना फुकट मिळणार. ह्या एका वाक्यासाठी माणसं वर्षानुवर्षं झिजली होती. आज शुक्रवारी रंगीत तालीम. ह्या साऱ्या कारखान्याची मुख्य बाई ओदेत ब्रिझबुआ, नदीपलीकडच्या फ्रेंच वस्तीतली, तिच्या डोक्यातून खेळ निघाला होता की मंत्र्यांनी आपलं जन्मगाव सांगायचं आणि पोर्टलने त्यांना उचलून थेट तिथे नेऊन ठेवायचं. दोघातिघांची गावं झाली. कुणाचं गव्हाच्या शेतात निघालं, कुणाचं तळ्याकाठी. मग ओदेत म्हणाली, "मेविस, आता तू." आणि मेविसने, छप्पन्न वर्षांच्या बाईने, नव्या शाळेत पहिल्याच दिवशी नाव विचारल्यासारखं घाबरत दोन बोटांनी टाईप केलं: हेलियर्स टिकल.

"अगं, तू जन्मली आहेस ना नक्की?" ओदेत म्हणाली.

"न्यूफाउंडलंडची माणसं समुद्रातूनच उगवतात," जमीनखात्याचा वॉल्टर मागून बोलला. "त्यांना गाव कशाला लागतं?"

"गाव होतं," मेविस म्हणाली. "उठवलं. मी दहा वर्षांची असताना."

"मग बरोबरच आहे की," ओदेत म्हणाली. "नसलेलं गाव दाखवून काय करायचं? सोमवारी कुणी विचारलं तर तू आपली हॅलिफॅक्स म्हण."

पुन्हा हसले. तीही हसली. बाहेरून आलेल्या माणसाला हसायची सवय लावून घ्यावी लागते, आणि तिने ती राजधानीत आल्याच्या पहिल्या हिवाळ्यातच लावून घेतली होती. तिच्या बोलण्याच्या हेलावर हसले तरी हसायची, मीठ लावलेला मासा आणि भिजवलेला सुका पाव खाते म्हणून हसले तरी हसायची. नावात काय आहे, तिने स्वतःला सांगितलं. उठवलेल्या गावांची नावं पहिल्या फेरीत घ्यायची नाहीत असं ठरलं होतं, ठरलं तेव्हा ती सुट्टीवर होती, आणि सुट्टीवर नसती तरी तिने तोंड उघडलं असतं का, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. ओदेतने तिसऱ्याच कुणालातरी बोलावलं. मेविस आपल्या खुर्चीवर येऊन बसली आणि समोरच्या लॅपटॉपवर, कुणाचं लक्ष नाही असं बघून, नावाशिवाय नकाशा हाताने ओढत ओढत पूर्वेला गेली. नाव नसलं म्हणून काय झालं, वाट तर ठाऊक होती. बेट ओलांडलं, दक्षिणेचा कोरलेला किनारा आला, खाडी आली, खाडीच्या पोटातली खाडी आली. जवळ गेली, आणखी जवळ. दोन काळ्या कड्यांमधली ती चिंचोळी खाच, जिला तिकडे टिकल म्हणतात, बरोबर तिथेच होती. किनाऱ्याची रेघ इतकी नाजूक, इतकी खरी, की तिला पायाखाली गोटे टोचल्यासारखं वाटलं. ती रेघ तिनेच शिवलेली. जमीनखात्याचा नकाशा एका बाजूने यायचा, समुद्रखात्याचा दुसऱ्या बाजूने, आणि दोन्ही कधी एकमेकांना भिडायचे नाहीत. मधे कुठे फट, कुठे दुमड. चार वर्षं मेविसने तीन महासागरांच्या काठावर बसून ते शिवलं होतं. हेलियर्स टिकलची मुख्य वाट निळी होती. एकसारखी, गुळगुळीत, चांगल्या कापडासारखी निळी.

आणि तिथे पाद्री नव्हता.

पाद्री म्हणजे खडक. टिकलच्या तोंडाशी, वाटेच्या जवळजवळ मधोमध. गावात चर्च होतं पण पाद्री नव्हता. तो वर्षाकाठी दोनदा-तीनदा बोटीने यायचा, लग्नं, बारसं आणि राहिलेली मर्तिकं एकदमच उरकायचा आणि नाहीसा व्हायचा. हा खडक तसाच. मोठ्या ओहोटीला काळा झगा घालून वर यायचा, मानेभोवती फेसाची पांढरी पट्टी, आणि मग महिना महिना दिसायचा नाही. दिसायचा नाही तेव्हाच तो वाईट. वीतभर पाण्याखाली बसून राहायचा. गावातली पोरं चालायला लागायच्या आधी पाद्रीला डाव्या हाताला ठेवायला शिकायची. मेविस अजूनही ओटावाच्या बसथांब्यावर गर्दी आली की नकळत उजवीकडून वळसा घेत असे. आणि आता पडद्यावर तिथे काही नव्हतं. तिने आणखी जवळ जाऊन पाहिलं. निळं. खडकांचा थर बंद राहिला असेल म्हणून तिने तो बंद करून परत चालू केला. बाजूच्या खाड्या पाहिल्या. खोल पाण्यातले बुडालेले खडक होते. जमिनीवरचे कडे होते. मधले, जे ओहोटीला उघडे पडतात आणि भरतीला बुडतात, ते कुठेच नव्हते.

समोर कुणाच्या तरी गावातलं चर्च पडद्यावर आलं आणि टाळ्या वाजल्या. मेविसने फोन हातात घेतला. कारण आज शुक्रवार होता, आणि आज तिचा भाऊ एली बाबाला घेऊन टिकलला निघाला होता, ह्याच नकाशावरून.

एलीचा फोन रविवारी आला होता. एली अल्बर्टात वाळूतून तेल काढायच्या खाणीत काम करतो, गावातली बाकीची पोरं करतात तसंच, उन्हाळ्यात महिनाभर घरी येतो आणि महिनाभर बाबाला म्हातारपणाबद्दल शिव्या देत सांभाळतो. "मेवी, तुझं ते सरकारी खेळणं चालू झालं का गं?" त्याने विचारलं होतं. "पुढच्या सोमवारी होईल." "मला आत्ताच दे ना. बोट घेतलीय जुनी. बाबाला आईकडे न्यायचंय. कुंपणाला रंग नाही लागला किती वर्षांत, सिमियनकाका गेल्यापासून कुणी नेलंच नाही त्याला. माझं म्हणशील तर मला टिकलचं तोंडसुद्धा आठवत नाही, मी शेंबडा होतो." उठून गेलेल्या गावांची माणसं उन्हाळ्यात असंच करतात. बोटी भरून परत जातात, थडग्यांभोवतालचं गवत कापतात, पांढऱ्या कुंपणाला पुन्हा पांढरा रंग देतात, फुलं ठेवतात, डबा खातात आणि संध्याकाळच्या आत निघतात. तिथे रात्र काढायला कुणाला आवडत नाही. मेविसने त्याला चाचणीसाठी मिळालेला स्वतःचा पासवर्ड दिला, तिकडे रेंज नसते म्हणून नकाशा घरूनच फोनवर उतरवून घे म्हणाली. देऊ नये असा नियम होता. तिला त्यात वावगं वाटलं नाही. फुकटच वाटायचं होतं ना सगळं, आठ दिवस आधी काय आणि नंतर काय. फोनमागून बाबाचा आवाज आला, "काय म्हणते ती?" "म्हणते नकाशा देते." "कसला?" "सगळ्या देशाचा." "सगळा देश घेऊन मी काय करू? टिकल आहे का विचार." "आहे म्हण त्याला," मेविस म्हणाली होती, "किनारा मीच शिवलाय म्हण." एलीने तसं सांगितलं. मग बाबाने विचारलं, "तिने?"

तेवढा एक शब्द तिला पुढचे दोन दिवस पुरला होता. कपडे वाळत घालताना, बसमध्ये, जेवणाच्या रांगेत, तिने तो शब्द उलटासुलटा करून पाहिला होता. आयझॅक हॉलेटने मुलीच्या नोकरीबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगायचा, ओटावाला टाईप करते. तो रागही नव्हता आणि तुच्छताही नव्हती. सरकार हा शब्द त्याच्या तोंडात बसतच नव्हता. काटा आला की मासा थुंकतात तसा तो शब्द थुंकायचा. आणि मुलगी तिथेच जाऊन बसलेली.

ती उठली. ओदेतने भुवई उंचावली. मेविसने हातानेच सांगितलं, बाहेर जाऊन येते. कॉरिडॉरमध्ये ह्या इमारतीतल्या सगळ्या कॉरिडॉरसारखाच वास होता, म्हणजे कसलाच नाही. तिने एलीला फोन लावला. हा नंबर सध्या कव्हरेजच्या बाहेर आहे. फ्रेंचमध्येही तेच. पुन्हा लावला. तिकडे ओटावापेक्षा दीड तास पुढे; निघून केव्हाच झालं असेल. एलीच्या बायकोला लावला.

"गेले की, सकाळीच," शार्लीन म्हणाली. "म्हाताऱ्याने कोट घातला होता गं, चर्चमध्ये घालतो तो. मी म्हटलं, रंगाचे डाग पडतील. म्हणाला, पडू देत. काय झालं?"

"बोटीवर रेडिओ आहे ना?"

"आहे, पण चालतो कुठे? एली म्हणाला, पुढच्या पगाराला बघू. मेविस, काय झालं?"

"काही नाही. आला की फोन कर म्हण."

का म्हणाली ती काही नाही? त्या एका बाईला घाबरवून काय मिळणार होतं, असं तिने स्वतःला सांगितलं, पण खरं ते नव्हतं. तिला 'बुडाले' हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकायचा नव्हता. तिने किनारा-रक्षकांना फोन लावला. तिकडचा माणूस तरुण होता आणि त्याचा हेल घरचा होता, आणि तो ऐकताच तिचा स्वतःचा हेलही इतक्या वर्षांनी सुटून पूर्ववत झाला.

"बोट हरवलीय का, मावशी?"

"नाही."

"परतायची वेळ टळून गेलीय?"

"नाही रे. संध्याकाळी येणारेत."

"मग?"

"खडक हरवलाय," मेविस म्हणाली. "त्यांच्या नकाशात खडक नाहीये. तिथे आहे आणि नकाशात नाहीये."

तो हसला नाही. कुठल्या खाडीत, बोटीचा रंग काय, किती माणसं, असं शांतपणे विचारत राहिला, आणि म्हणाला की रेडिओवर हाका मारत राहतो, आसपास कुणी मासेमार असेल तर त्यालाही सांगतो. "कुठला नकाशा वापरतायत ते?" त्याने शेवटी विचारलं. "समुद्राचा कागदी नकाशा असेल ना?" पोर्टलच्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ होती, मुंगीएवढ्या अक्षरात: ही माहिती नौकानयनासाठी वापरू नये. ती ओळ लिहायला वकिलांनी वसंत ऋतू खाल्ला होता. वरती मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, तुमचा देश, तुमच्या हातात.

दार उघडून समुद्रखात्याचा इयन बाहेर आला, रिकामा कॉफीचा कप हातात घेऊन. उंच, वाकलेला, सदा कुणाच्या तरी वाटेतून बाजूला होणारा माणूस. मेविसने त्याला गाठलं. "इयन, उघडणारे-बुडणारे खडक कुठे आहेत?"

"वॉल्टरकडे," तो म्हणाला. "आम्ही त्यांनाच देऊन टाकले ना? फेब्रुवारीत ठरलं."

फेब्रुवारीतली ती बैठक मेविसला आठवली. खिडकीबाहेर बर्फ, आत सँडविचं. प्रश्न साधा होता. भरतीच्या रेषेच्या वर जमीनखातं, ओहोटीच्या रेषेच्या खाली समुद्रखातं. मधल्या पट्ट्यातले खडक दोघांच्याही यादीत, म्हणून सगळं दोनदा दिसत होतं. एकाने काढून टाकायचं. दुसरा कुठला देश असता तर दोन खाती त्या खडकांसाठी भांडली असती, माझा खडक, माझा खडक म्हणून एकमेकांच्या उरावर बसली असती, आणि खडक दोनदा का होईना राहिले असते. इथे तसं झालं नाही. इथे वॉल्टर म्हणाला, "पाण्यात बुडतात म्हणजे तुमचेच हो. तुम्हीच ठेवा." इयन म्हणाला, "छे छे, उघडे पडतात तेव्हा तुमच्याच विमानांनी त्यांचे फोटो काढलेत, तुमचे जास्त स्वच्छ आहेत. तुम्ही ठेवा." "नाही, खरंच, तुम्ही." "नाही हो, आमचं काही नाही, तुम्ही." दारात दोन माणसं अडकतात आणि आधी तुम्ही, आधी तुम्ही करत दोघंही बाहेर राहतात, तसं अर्धा तास चाललं. मग ओदेत म्हणाली, छान, म्हणजे ठरलं, आणि सँडविचं आली. काय ठरलं हे विचारणं उद्धटपणाचं झालं असतं. वॉल्टर आपल्या खात्यात गेला आणि सौजन्याने आपले खडक काढून टाकले. इयन आपल्या खात्यात गेला आणि सौजन्याने आपले काढून टाकले. मेविसने जुळणी चालवली तेव्हा दुहेरी नोंद एकही निघाली नाही. एकही नाही! तिला काय आनंद झाला होता. त्या दिवशी तिने विभागासाठी केक आणला होता.

इयनच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेलेला तिने पाहिला. "मला वाटलं त्यांनी ठेवले," तो म्हणाला. "मेविस, म्हणजे सगळ्या... तिन्ही किनाऱ्यांवरचे?" मग तो म्हणाला, "सॉरी."

"सॉरी म्हणू नकोस."

"सॉरी."

"अरे गप, इयन! गप की रे!" तिचा आवाज इतका मोठा निघाला की आतली तालीम थांबली. ओदेत बाहेर आली, पाठोपाठ वॉल्टर. इयनने खाली मान घालून सांगितलं. वॉल्टर भिंतीला टेकला. ओदेतने दोन्ही हात गालांवर ठेवले, आणि त्या बाईला बोल लावता येणार नाही, तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, पण पाणी आलेल्या डोळ्यांनी ती म्हणाली, "सोमवारी मंत्री आहेत. आज कुणी बंद केलं तर पुन्हा चालू होईल का? मंगळवारी पहिलं काम हेच करू. सोमवारी समुद्राकडे जायचंच नाही. गहू दाखवू."

"त्यात माझा बाप आहे," मेविस म्हणाली.

कुणाला कळलं नाही. तिने समजावून सांगितलं नाही. ती जिना उतरून बाहेर आली आणि कालव्याच्या काठी एका बाकावर बसली. जुलैचं ऊन होतं. माणसं गवतावर बूट काढून डबे खात होती. हे पाणी तिला कधीच पाणी वाटलं नव्हतं; दोन्ही बाजूंनी दगड बसवलेलं, भरती नाही, ओहोटी नाही, दरवाजे लावून पायरी-पायरीने चढवलेलं आणि उतरवलेलं. ह्या शहरात सगळं असंच आहे आणि म्हणूनच ती इथे राहिली असावी. मांडीवर फोन उताणा पडला होता. तो वाजू नये असं तिला वाटत होतं आणि वाजावा असंही. तिला आईचा चेहरा आठवत नव्हता, हात आठवत होते, मिठाने चिरलेले, आणि चर्चच्या पायरीवर उभं राहून त्या हातांनी तिचा चेहरा टिकलच्या तोंडाकडे वळवलेला: तो बघ, दिसला? आई गेली तेव्हा न्यूमोनिया म्हणाले. पुढच्याच वर्षी सरकारचा माणूस आला. बूट चकचकीत, आवाज मऊ. म्हणाला, इथे वीज येणार नाही, रस्ता येणार नाही, डॉक्टर येणार नाही. तुमचं तुम्हीच ठरवा, आम्ही जबरदस्ती करत नाही. जबरदस्ती केली नाहीच. गावानेच गावावर केली. गाव सोडायच्या कागदावर सगळ्या घरांनी सही केल्याशिवाय कुणालाच मदत मिळणार नव्हती, आणि शेवटी एक घर उरलं होतं, आयझॅक हॉलेटचं. बायकोला पुरून अजून गवत नीट आलं नव्हतं. लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. सिमियनकाका, ज्याच्याबरोबर तो आयुष्यभर एका बोटीत बसला, तोसुद्धा त्याला पाहून जाळ्याकडे तोंड फिरवायचा. आणि एका संध्याकाळी त्याने मेविसला विचारलं होतं, चुलीत लाकडं सारता सारता, पाठमोराच: "तिकडे पोर्ट ऑलिव्हरला शाळा आहे म्हणे. सगळ्या इयत्तांची. जाशील?" तिने हो म्हटलं. दहा वर्षांच्या पोरीला आणखी काय म्हणता येतं? दुसऱ्या दिवशी त्याने सही केली. उन्हाळ्यात त्यांचं घर रिकाम्या पिंपांवर बांधून बोटींनी खाडीपार ओढत नेलं. खिडकीला पडदे तसेच, आणि घर पाण्यावरून चाललेलं, सगळे हसत रडत ओरडत होते, आणि घराने पाद्रीला डावीकडे ठेवून वळसा घेतला तेव्हा बाबाने टोपी काढली. टोपी कुणासाठी काढली हे तिने तेव्हा विचारलं नाही. ती मग शाळेत गेली, कॉलेजात गेली, राजधानीत आली, आणि ज्यांनी ते चर्च मोडून लाकूड विकलं, शाळा पाडली, नाव पुसलं, त्यांच्या खुर्चीत बसून तिने किनारा शिवला. तिला वाटलं होतं की ती काहीतरी परत करत आहे. मूर्ख बाई. परत करायला तिच्या हातात होतं काय? एक रेघ.

ऊन सरकलं. डबे खाणारी माणसं उठून गेली. इयन एकदा लांबून येऊन उभा राहिला, तिने पाहिलं नाही, तो परत गेला. मग फोन वाजला, एलीचं नाव आलं, आणि तिने तो इतक्या घाईने उचलला की कानाला लागला.

"मेवी." वारा होता. "मेवी, मी टेकडीवर आलोय. इथे वर एक काडी मिळते रेंजची."

"बाबा?"

वाऱ्याचा आवाज येत राहिला, आणि त्यात कुठेतरी समुद्रपक्षी.

"एली, बाबा कुठाय?"

"खाली. आईकडे. मी उचलून आणला. हलका झाला होता गं, मला माहीतच नव्हतं किती हलका झाला होता. मी त्याला कुंपणाला टेकवून बसवलंय. श्वास होता काठावर आणलं तेव्हा. थंडी गं, पाणी किती थंड, जुलैतसुद्धा. मी अंगावर अंग टाकून पडलो. गेला तो, मेवी. बोट फुटली, खालून उभी चिरली. मी जोरात नव्हतो. देवाशपथ जोरात नव्हतो." तो रडायला लागला, मोठ्या माणसाचं बेढब रडणं, मधेच खोकला. मेविसने बाकाची कड धरून ठेवली. लाकूड उन्हाने तापलं होतं.

"एक बोट येतेय," एली जरा वेळाने म्हणाला. "लांब दिसतेय. लाल. किनारा-रक्षकांची, आपल्यासाठीच आली असेल." मग म्हणाला, "मी त्याला विचारलं होतं, मेवी. तोंडाशी आलो तेव्हा. मी म्हटलं, बाबा, तो पाद्री कुठाय तुमचा? ह्याच्यावर काही दिसत नाहीये. त्याच्यापुढे धरला नकाशा. त्याने चष्मा लावला. कितीतरी वेळ पाहिलं त्याने, एकदा नकाशाकडे, एकदा पाण्याकडे. पाणी पण कसं गं, काच. फेस नाही, काही नाही. मी म्हटलं, बाबा, उजवीकडून घेऊ का, तुम्ही घ्यायचात तशी? तर म्हणाला, कशाला? मेविसने केलंय ना हे? मी म्हटलं, हो. म्हणाला, मग नसेल तो आता. काढला असेल त्यांनी. चर्च नेलं, शाळा नेली, तो पण नेला असेल सुरुंग लावून. ती तिथेच असते ना, तिला ठाऊक असणार. चल सरळ, म्हणाला. हसला गं. पुढे जाऊन उभा राहिला, कोट घालून, सरळ."

वारा फोनमध्ये घुमत राहिला. कालव्यावरून एक रंगीत होडी गेली, आत पर्यटक, कुणीतरी तिला हात केला.

"मेवी," एलीचा आवाज आता अगदी लहान झाला होता, शेंबड्या पोराचा, तिच्यामागे खडकांवरून धडपडत येणाऱ्या. "काढलाच असेल ना गं त्यांनी? हा दुसराच कुठला तरी असेल. तुझ्यात नव्हता म्हणजे दुसराच. मला आठवत नाही, तुला आठवतं. दुसराच होता ना?"

त्याला काय हवं होतं ते तिला कळत होतं. तो स्वतःसाठी मागत नव्हता. तिच्यासाठी मागत होता, ओल्या कपड्यांत टेकडीवर उभा राहून, बापाला खाली कुंपणाशी बसवून. नुसतं हो म्हणायचं होतं. आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, तसंच सौजन्याने ते दोघांच्या मधे कुठेतरी पडून राहिलं असतं, आणि कुणीच ते उचललं नसतं.

"नाही, एली," ती म्हणाली. "पाद्रीच तो. जिथे होता तिथेच आहे. माझ्या नकाशात नव्हता."